कॉम्प्युटरला पुणेच पाहिजे का? जवळचं लहान कॉलेज निवडण्याआधी काय बघायचं

सीईटीचा निकाल लागला की माण, खटाव, कोरेगावकडच्या घराघरात एकच विषय चालू होतो. पोराला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पाहिजे आणि कॉम्प्युटर म्हटलं की पुणे. गावातला एखादा पुण्यात आयटीत लागलेला असतो, दिवाळीला त्याची गाडी दारात उभी राहते आणि पोरांच्या डोक्यात तेच बसतं. कॅप फेरीतून पुण्याला नंबर लागला नाही, तर वडील मॅनेजमेंट कोट्याची चौकशी करतात. त्यासाठी रस्त्याकडेचं अर्धा एकर काढायचं का, इथपर्यंत बोलणं जातं. सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर असतं.

त्याच वेळी घरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर लहान कॉलेज असतं आणि तिथं कॉम्प्युटरची जागा मिळण्यासारखी असते. पण त्याचं नाव काढलं की पोरगं ताटावरून उठतं. "पप्पा, तिथनं शिकून मला कोण नोकरी देणार?"

हा प्रश्न खोटा नाही. लहान कॉलेज म्हणजे वाईट असं नाही, पण लहान आणि जवळचं म्हणून आपोआप चांगलंही नाही. ते तपासावं लागतं. तपासायला गाडीच्या तेलाचा खर्च आणि एक दिवस लागतो. न तपासता घेतलेला निर्णय मात्र चार वर्षं भोगावा लागतो.

पुण्याची जागा अवघड का जाते

पहिली गोष्ट, सीईटीचे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ८५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले साधारण ८५ जण मागे आणि १५ जण पुढे. लाखो मुलं बसतात, त्यामुळे हे पुढचे पंधरा म्हणजेही मोठी रांग असते.

दुसरी गोष्ट होम युनिव्हर्सिटीची. सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत साधारण ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी विभागणी राहिली आहे. म्हणजे साताऱ्याच्या पोराची स्पर्धा त्या ३० टक्क्यांत, तीही राज्यातल्या बाकी सगळ्या भागांशी. पुण्याच्या पोराला ज्या मार्कांवर जागा मिळते, तेवढ्यावर आपल्याला मिळेलच असं नाही.

पर्याय भरताना होणारी चूक

२०२५ च्या प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर जागा आपोआप पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी मिळालं तर पक्की, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळालं तर पक्की. त्यानंतर पुढच्या फेरीत बदल नाही.

म्हणून झेपणार नाही असं कॉलेज नुसतं 'बघू लागतंय का' म्हणून वर टाकायचं नाही. लागलं तर तिथंच अडकतो. पर्यायांचा क्रम नेटकॅफेवाल्याच्या किंवा मित्राच्या भरवशावर न सोडता आई-वडील आणि पोरगं यांनी एकत्र बसून कागदावर लिहावा, मगच फॉर्ममध्ये भरावा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे सीईटी सेलची यंदाची माहितीपुस्तिका वाचूनच पुढं जावं.

पैशाचा हिशोब चार वर्षांचा करा

बरेच जण पहिल्या वर्षाची फी विचारतात आणि तिथंच थांबतात. फी, वसतिगृह किंवा खोली, मेस, येणं-जाणं, लॅपटॉप हे सगळं धरून चार वर्षांची बेरीज करावी. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. डोनेशन घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावती न देता कुणी पैसे मागत असेल तर तिथंच सावध व्हावं.

मोठा फरक पडतो तो कॅपमधून मिळालेली जागा आणि मॅनेजमेंट कोट्यातली जागा यात. शासनाच्या फी सवलती साधारणपणे कॅपमधून आलेल्यांनाच मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या गटातल्या मुलांना शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळू शकते. टीएफडब्ल्यूएस म्हणून ५ टक्के जादा जागा असतात, त्यात शिक्षण शुल्क माफ. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

म्हणजे जवळच्या कॉलेजात कॅपमधून मिळालेली जागा आणि लांबच्या कॉलेजात कोट्यातून घेतलेली जागा यातलं अंतर काही लाखांवर जाऊ शकतं. अर्धा एकर विकायचं का याचं उत्तर बऱ्याचदा इथंच मिळतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता ही कागदं आधी हातात पाहिजेत. फॉर्म भरायच्या दिवशी सेतूत रांग लावून भागत नाही.

लहान कॉलेज बघायला गेल्यावर

एक बदल लक्षात घ्यायला हवा. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची मर्यादा उठवली. मोठ्या कॉलेजांत कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. लहान कॉलेजांतही सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहायला लागल्यावर कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा शाखा आल्या. फलक नवीन लागला, पण शिकवणारे आले का, हे बघायला पाहिजे.

एआयसीटीईच्या निकषाने २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. ६० जागांची तुकडी धरली तर चार वर्षांचे २४० विद्यार्थी होतात, म्हणजे १२ शिक्षक. कॉलेजच्या संकेतस्थळावर शिक्षकांची यादी असावी लागते. ती काढून न्यावी आणि विभागात जाऊन विचारावं, यातले आज किती जण हजर आहेत?

लॅबमध्ये जावं. मशिन चालू आहेत का, नेट आहे का, तासाला एका मशिनवर किती पोरं बसतात, लॅब संध्याकाळी उघडी असते का? एनबीएचं मानांकन शाखेला मिळतं, नॅकचं पूर्ण कॉलेजला. त्यामुळे 'आम्हाला मानांकन आहे' म्हटलं तर कॉम्प्युटर शाखेला आहे का, हे विचारावं.

सगळ्यात खरी माहिती कॅन्टीनला मिळते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारावं. तास होतात का? प्रोजेक्ट स्वतः केला की विकत आणला? मागच्या वर्षी वर्गातले किती जण कामाला लागले? फलकावर एकाच पोराचं मोठं पॅकेज लिहिलेलं असतं. साठातल्या बाकीच्यांचं काय झालं, ते फलकावर नसतं. ही उत्तरं समाधानकारक नसतील तर कॉलेज जवळ असलं तरी सोडून द्यावं.

जिल्ह्यातच कराडला १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गुण असतील तर पुण्याच्या मधल्या फळीतल्या कॉलेजाआधी त्याचा विचार व्हायला हवा. पुणे जिल्ह्यातलं अवसरी खुर्दचं शासकीय कॉलेज तर गावातच आहे. कॉलेज शहरात नाही म्हणून ते हलकं ठरत नाही.

मग नोकरीचं काय?

लहान कॉलेजात कंपन्या कमी येतात, हे मान्य करायलाच पाहिजे. आजूबाजूला हुशार पोरांची चढाओढ कमी असते आणि इंग्रजीत बोलायची सवयही कमी लागते. ही कमतरता पोराला स्वतः भरून काढावी लागते, आणि ते त्याला प्रवेशाआधीच सांगितलेलं बरं.

भरून काढायच्या वाटा मात्र आहेत. आयआयटींच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे कोर्स बघायला फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. काही मोठ्या आयटी कंपन्या देशभरातल्या पोरांसाठी ऑनलाइन परीक्षा घेतात. गेट परीक्षेचे गुण चांगले असतील तर लहान कॉलेजातल्या पोरालाही आयआयटीत एमटेकची वाट उघडते. प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क हा पाया सगळीकडे सारखाच आहे. रोज एसटीत तीन तास घालवणारा किंवा कर्जाच्या हप्त्याच्या काळजीत असणारा पोरगा त्याला वेळ कसा देणार, हाही प्रश्न आहे.

इंजिनिअरिंगच हवं असंही नाही. तालुक्याच्या कॉलेजातलं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए आणि पुढं दोन वर्षांचं एमसीए हीसुद्धा सरळ वाट आहे. बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलं आणि त्यासाठी राज्यात वेगळी सीईटी सुरू झाली, तेवढं लक्षात ठेवावं.

पोराशी बोलताना

'आपली ऐपत नाही, गप जा तिकडं' असं म्हटलं की पोरगं चार वर्षं ते कॉलेज शिक्षा म्हणून काढतं. त्यापेक्षा हिशोबाचा कागद त्याच्यासमोर ठेवावा. सोसायटीचं कर्ज किती, दरवर्षी हातात किती राहतं, हे सतरा-अठरा वर्षांच्या पोराला कळतं. दोन्ही कॉलेजं बघायला त्यालाच घेऊन जावं आणि प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत. पुण्याचं कॉलेज कॅपमधून, झेपेल अशा खर्चात मिळत असेल आणि तपासात खरं उतरत असेल, तर जरूर पाठवावं. पण केवळ पाव्हण्यांत नाव निघावं म्हणून जमीन काढायची असेल, तर थांबावं. पोरगं चार वर्षांनी घरी येईल, तेव्हा त्याच्या हातात काम पाहिजे आणि ते अर्धा एकरही जागेवर पाहिजे.