बांधणी

मराठी समीक्षेत 'बांधणी' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. 'कथेची बांधणी घट्ट आहे' एवढे लिहिले की आपले काम संपते. घट्ट म्हणजे काय, हे ना आपण सांगतो, ना विद्यार्थी विचारतात.

हा शब्द आम्हांला नव्याने ऐकू आला तो सिरोंच्याच्या एका गॅरेजात. जुन्या जीपचे इंजिन सुटे करून मांडले होते. मिस्त्री तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला, "सर, इंजिन बांधायला दोन दिवस लागतात." आलापल्लीपर्यंतची सुमारे शंभर किलोमीटरची वाट जंगलातून जाते. गाडी मध्येच थांबणार नाही, हा त्याच्या 'बांधण्या'चा अर्थ होता.

शर्यतीच्या गाडीचे गणित निराळे असेल, असे वाटते. ते तसे नाही. बेंटले कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा सुपरचार्जरला विरोध होता. इंजिनात बळेच हवा कोंबून शक्ती वाढवण्यापेक्षा इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत. टिम बर्किन या शर्यतपटूने मात्र साडेचार लिटरच्या बेंटलेला सुपरचार्जर बसवून घेतला. १९३० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्या 'ब्लोअर' गाड्या वेगाने धावल्या आणि शर्यत पुरी होण्याआधीच बाद झाल्या. जिंकली ती सुपरचार्जर नसलेली 'स्पीड सिक्स'. आज चित्रांत आणि खेळण्यांत मिरवते ती ब्लोअरच; ल मान्स तिने कधीच जिंकली नाही.

त्या काळातील इंजिने आजही शर्यतीसाठी बांधली जातात. जाणता कारागीर आधी शक्ती वाढवत नाही. क्रँकला बारीक भेगा गेल्या आहेत का, हे तो तपासतो. कनेक्टिंग रॉड तोलून सारख्या वजनाचे करतो. बेअरिंगपर्यंत तेल पुरेशा दाबाने पोचते ना, हे पाहतो. भार कुठे येतो आणि तुटेल तर काय तुटेल, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. चकाकी त्यानंतर.

हाच प्रश्न आपण कादंबरीला का विचारत नाही? तिचा सारा भार कोणत्या प्रसंगावर आहे? तो काढला तर काय कोसळेल? शेवटच्या पन्नास पानांत ती का धापा टाकते? त्याऐवजी आपण प्रतिमा मोजतो, शैलीला विशेषणे लावतो. म्हणजे ब्लोअरच न्याहाळत बसतो. उत्तरपत्रिकेत 'घट्ट बांधणी' हे शब्द वर्षानुवर्षे येतात, त्यात मुलांचा दोष नाही. ते आम्हीच फळ्यावर लिहून दिलेले आहेत.

मिस्त्रीला असे उत्तर देता येत नाही. त्याने बांधलेली जीप आलापल्लीला पोचते किंवा पोचत नाही. शब्द त्याचा आणि आपला एकच आहे. त्याची जबाबदारी मात्र तो एकटाच घेतो.