दर्याची हजेरी

श्रावणाची पौर्णिमा जवळ आली की कोळीवाड्यांचे रूप पालटते. पावसात शाकारून ठेवलेल्या होड्यांवर नवा रंग चढतो, जाळी सांधून तयार होतात आणि पौर्णिमेच्या सायंकाळी सोनेरी वेष्टनातला नारळ वाजतगाजत किनाऱ्याकडे निघतो. जिथून समुद्र दिसतही नाही अशा गावांतही त्या दिवशी नारळीभाताचा दरवळ सुटतो. दर्या शांत व्हावा, गेलेली माणसे सुखरूप परत यावीत, हे मागणे तर असतेच. पण घेण्याआधी काही द्यावे, ही त्यामागची शिकवण अधिक खोल आहे. आपण सारेच कमीअधिक प्रमाणात त्या दर्याचे देणेकरी. म्हणूनच या सणाच्या निमित्ताने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: ज्याच्याकडून आपण वर्षभर घेतो, त्याच्यापाशी आज उरले आहे काय, याची आपल्याला कितपत कल्पना आहे?

विणीच्या हंगामात जाळे टाकू नये हे किनाऱ्याला कायद्याच्या आधीपासून ठाऊक होते. आज पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते. ती संपल्यावर पाण्यात काय वाढले, याचा अंदाज मात्र आपण प्रामुख्याने बंदरात उतरलेल्या मासळीवरूनच बांधतो. जे जाळ्यात आले ते मोजले जाते, जे विकले गेले त्याचे वजन होते. जे जाळ्यात सापडत नाही, ज्याला बाजारात भाव नाही, जे खाडीच्या चिखलात किंवा खडकांच्या कपारीत मुकाट जगते, ते बहुधा आपल्या हिशेबाबाहेरच राहते. आणि तेच कधी नाहीसे झाले तर त्याची वार्ताही कुणाच्या कानी येत नाही.

या अबोल जीवांचा ठाव घेण्याची एक वाट गेल्या दोन दशकांत उजळली आहे. प्रत्येक जलचर आपल्या त्वचेच्या पेशी, अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा असे काही ना काही पाण्यात सोडत असतो, आणि त्या प्रत्येक कणात त्याच्या जातीची ओळख सांगणारा डीएनए असतो. पाहुणा निघून गेला तरी उंबरठ्यावर त्याच्या पायाची धूळ राहावी, तसेच हे. पाण्यातल्या या खुणांना पर्यावरणीय डीएनए किंवा ‘ई-डीएनए’ म्हणतात. फ्रान्समधल्या तळ्यांत शिरलेल्या अमेरिकन बुलफ्रॉग या परक्या बेडकाचा माग संशोधकांनी 2008 मध्ये केवळ पाण्याच्या नमुन्यांवरून काढून दाखवला. इंग्लंडमध्ये तर तुरेवाल्या न्यूट या संरक्षित उभयचराच्या पाहणीसाठी 2014 पासून सरकारदरबारीही हा पुरावा ग्राह्य धरला जातो. आपल्या देशात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या पाण्यातून तिथल्या जीवसृष्टीचा असाच वेध घेतला आहे.

2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळालेल्या ठाण्याच्या खाडीत हे काम कसे होईल, याचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहू. भरतीच्या ठरलेल्या वेळी, हातमोजे घालून, निर्जंतुक बाटलीत लिटर-दोन लिटर पाणी भरायचे. पाठोपाठ स्वच्छ पाण्याचीही एक बाटली तशीच हाताळायची, म्हणजे माणसाच्या हातून काही मिसळले असेल तर ते उघडे पडेल. मग ते पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून ओढायचे. आपल्या खाडीचा गाळ इतका बारीक की गाळणी बघता बघता तुंबते, आणि अख्खा नमुना गाळायला एकामागून एक गाळण्या बदलाव्या लागतात. नाण्याएवढ्या त्या राखाडी चकतीवर बोय, जिताडा, शिंगाळा, निवटी अशा कितीकांच्या खुणा एकत्र साठलेल्या असतात. प्रयोगशाळेत त्यांतल्या जनुकाचा एक छोटासा तुकडा अनेक पटींनी वाढवून वाचला जातो, आणि ज्ञात माशांच्या संग्रहाशी ताडून कोण कोण हजर होते ते सांगितले जाते. एकाही माशाला त्यासाठी जीव गमवावा लागत नाही.

तरीही या साधनाला सर्वज्ञ मानण्याचा मोह आवरलेला बरा. मासे कोण आहेत हे ते सांगते. किती आहेत, लहान की मोठे, जिवंत की मेलेले, हे नेमके सांगू शकत नाही. उष्ण पाण्यात हा डीएनए लवकर विरतो, त्यामुळे खूण मिळाली नाही म्हणून जीव नाहीसा झाला असे ठरवता येत नाही. आणि आपल्या शहरांपाशी तर वेगळीच गंमत: ज्या बंदरात मासळीच्या टोपल्या धुतल्या जातात तिथल्या पाण्यात दूरच्या समुद्रातल्या माशांच्या खुणा मिळतील, ज्या खाडीत सांडपाणी जसेच्या तसे सोडले जाते, तिथे आपल्या ताटातला पापलेटही हजेरी लावून जाईल. मासे शोधायला गेलेल्या शास्त्रज्ञाच्या हाती आधी आपलाच बेफिकीरपणा लागावा, याइतकी बोलकी साक्ष दुसरी कोणती?

शिवाय संग्रहात ज्याची नोंद नाही त्याची खूण मिळूनही ओळख पटत नाही. भारतीय पाण्यातला पापलेट आपण वर्षानुवर्षे ‘पॅम्पस अर्जेंटियस’ म्हणून ओळखत आलो. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी तो ‘पॅम्पस कँडिडस’ असल्याचे दाखवले. 2023 मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्यमाशाचा मान दिला, त्या घराघरांतल्या माशाची ही कथा. मग खाडीतल्या अनाम पिल्लांचे काय? आपल्या पाण्यातला मासा आपणच पकडून, ओळखून, नोंदवून ठेवावा लागेल, आणि ती ओळख पटवण्याच्या कामी पिढ्यान्‌पिढ्या मासळी हाताळणाऱ्या कोळी स्त्री-पुरुषांइतके जाणकार दुसरीकडे शोधूनही मिळायचे नाहीत. त्यांना केवळ होडी चालवण्यापुरते सोबत न घेता अभ्यासाचे भागीदार करणे, हे विद्यापीठांचे कर्तव्य ठरते.

सण दरवर्षी येतो म्हणूनच तो हिशेबाला उपयोगी पडतो. एका वर्षीचा नमुना फारसे काही सांगत नाही. पावसाने आणि भरतीने चित्र सतत हलत असते. पण त्याच जागी, त्याच तिथीला, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे पाणी घेतले तर कोण टिकले, कोण दिसेनासे झाले, कोण परका शिरला, हे हळूहळू उमगू लागते. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी, मत्स्यव्यवसाय विभागाने आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी मिळून बंदी सुरू होताना आणि संपताना असे नमुने घ्यावेत, गाळण्या पुढच्या अभ्यासकांसाठी शीतपेटीत जपाव्यात आणि निष्कर्ष सोप्या मराठीत प्रत्येक कोळीवाड्याच्या फलकावर लावावेत. बंदीचे 61 दिवस ज्यांच्या चुली मंदावतात, त्यांना त्या संयमातून काय निपजले हे कळण्याचा पहिला हक्क आहे.