विसर्जन आणि प्रज्ञापराध

श्रीगणरायाच्या विसर्जनास पवनारला धाम नदीकाठी भाविकांची रीघ लागते. याच पात्रात १९४८ साली महात्माजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. आम्हां वर्धेकरांस हे जल दुहेरी वंदनीय.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायी, भगवान आत्रेय अग्निवेशास एक मर्म सांगतात. माणसांची प्रकृती, आहार, वय भिन्न; तरी गावेच्या गावे एकाच व्याधीने का ग्रासतात? वायू, उदक, देश आणि काल ही चार सर्वांस समाईक आहेत म्हणून. ती बिघडली की पथ्य पाळणाराही सुटत नाही. त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म, आणि अधर्माच्या मुळाशी प्रज्ञापराध. कळते, पण वळत नाही!

वाचकहो, आम्हीही कित्येक वर्षे निर्माल्य नदीत सोडून हात जोडले. एकदा कीर्तनात हाच अध्याय सांगताना आमचीच जीभ अडखळली. तेव्हापासून आमच्या घरी शाडूची लहान मूर्ती येते, घंगाळात विसर्जन होते, माती तुळशीवृंदावनात जाते आणि निर्माल्याचे खत होते.

प्लास्टरची मूर्ती पाण्यात लवकर विरत नाही. तिचा रंग मात्र उतरतो. सकाळी च्यवनप्राश घ्यावा आणि सायंकाळी उदक दूषित करावे, ही कसली ऋतुचर्या? विघ्नहर्त्याच्या नावाने नदीवर विघ्न न आणण्याची सद्बुद्धी तोच आपणां सर्वांस देवो.