दुसऱ्या वर्गाच्या डब्यातली एक टोपली

भाद्रपदात रस्त्यावरच्या कुत्र्यांचा जो काळ असतो, त्यापासून सुमारे त्रेसष्ट दिवस मोजले म्हणजे कार्तिक उजाडतो, आणि म्हणूनच प्रतिवर्षी थंडीच्या तोंडावर आपल्या गल्लोगल्ली, जिन्यांखाली, वाळूच्या ढिगांवर आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांलगत डोळे न उघडलेली पिल्ले दिसू लागतात. डोंबिवलीतील आमच्या इमारतीच्या जिन्याखाली यंदा अशीच चार जन्मली. महिना भरण्याच्या आत त्यांची आई एका वाहनाखाली गेली. तिघांची तजवीज शेजाऱ्यांनी केली आणि उरलेले चौथे, तांबूस अंगाचे व पांढऱ्या पायांचे, चंपाषष्ठीच्या सकाळी माझ्या धाकट्या मुलीच्या ओढणीत गुंडाळलेले आमच्या घरात आले. त्या दिवसाचा आणि खंडोबाजवळ असणाऱ्या श्वानाचा संबंध धरून माझ्या आईने त्याचे नाव खंड्या ठेवले, आणि नाव ठेवले गेल्यानंतर ते पिल्लू घरात ठेवावे की नाही, हा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

दीड खोलीच्या घरात पाच माणसांचा जो क्रम वर्षानुवर्षे बसलेला होता, तो या मूठभर जिवाने आठवड्यात बदलला. एवढ्या वयाच्या पिल्लाला आईच्या अंगाची ऊब नसेल तर थंडीची रात्र सोसत नाही, म्हणून गरम पाण्याची बाटली जुन्या पंच्यात गुंडाळून त्याच्या टोपलीत ठेवावी लागते आणि ती निवली की बदलावी लागते. एरवी परीक्षेच्या दिवशीही हाकांवर हाका मारल्यावाचून न उठणारा माझा मुलगा रात्री दोन वाजता आपण होऊन उठू लागला. दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाणे, फरशीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रांची अदलाबदल, कुरतडलेल्या चपला, हे सारे निमूटपणे दिनचर्येत सामावले गेले. सातव्या आठवड्यात पशुवैद्यांनी पहिली लस टोचली, पुढची तीन ते चार आठवड्यांनी, आणि रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर असे सांगितले. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकून राहतो, तेव्हा लसींचा क्रम पुरा होईपर्यंत त्याला बाहेरच्या जमिनीवर सोडू नका, अशीही ताकीद दिली.

आता या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, त्याप्रमाणे आम्ही दिवाळीच्या सुमारासच नाताळच्या सुटीसाठी मांडवी एक्सप्रेसची ठाणे ते रत्नागिरी अशी शयनयानाची पाच तिकिटे काढून ठेवली होती. रत्नागिरीला माझी आत्या राहते. उतरण्याची सोय तिच्याकडे, जेवणखाण घरचे, गणपतीपुळ्याला जाणेयेणे एस. टी. ने, दरमहा थोडे थोडे बाजूला टाकलेल्या रकमेत हा सहा दिवसांचा प्रवास नेमका बसत होता, आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला सहल म्हणून जे काही लाभते ते याच बेताने लाभते. मुलांना कोकण रेल्वेवरचे बोगदे मोजायचे होते; रत्नागिरीच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा किती मिनिटांत सरतो, याविषयी दोघांत पैज लागली होती.

पार्सल कचेरीत चौकशीला गेलो तेव्हा नियम समजला, तो असा. कुत्रा सोबत न्यावयाचा तर प्रथम श्रेणीचा दोन किंवा चार शायिकांचा संपूर्ण कक्ष आपल्याच नावे हवा. शयनयानात किंवा वातानुकूलित द्वितीय आणि तृतीय श्रेणीत त्याला मुभा नाही. अन्यथा गार्डच्या डब्यातील लोखंडी पेटीत त्याला एकटे ठेवावे आणि त्याच्या अन्नपाण्याची व्यवस्था मालकाने करावी. पहिल्या वर्गाचे भाडे आमच्या तिकिटांच्या कितीतरी पट. त्या पेटीत आठ आठवड्यांचे, एकच लस झालेले, अजून बाटलीच्या उबेला बिलगून झोपणारे पिल्लू, यापूर्वी तिथे कोणते जनावर राहून गेले हे ठाऊक नसताना, गाडीच्या खडखडाटात काही तास बंद करणे, हे माझ्याच्याने होण्यासारखे नव्हते. पशुवैद्यांनीही ते करू नका, असेच सांगितले. भाड्याची मोटार करावी तर एका बाजूच्या प्रवासातच आमची सारी शिल्लक संपत होती. कुत्री सांभाळणाऱ्या व्यावसायिक निवासांत लसी अपुऱ्या असलेली पिल्ले घेत नाहीत, आणि तसे न घेणे योग्यही आहे. आईने ‘मी राहते त्याच्यापाशी, तुम्ही जा’ असे म्हटले, परंतु ज्या नणंदेला भेटण्यासाठी ती चार वर्षे थांबली होती, तिच्याकडे आम्ही जावे आणि तिने गुडघेदुखी घेऊन पिल्लामागे वाकत राहावे, ही कल्पना कोणाला मानवली नाही.

माझे म्हणणे असे की, ज्याच्यापाशी स्वतःची मोटार आहे किंवा पहिल्या वर्गाचे भाडे देण्याची ऐपत आहे, त्यालाच पाळीव प्राणी घेऊन प्रवास करता यावा, ही सध्याची स्थिती अन्यायाची आहे आणि ती बदलणे रेल्वेला अशक्य नाही. लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीत शयनयानाच्या एका डब्यातील टोकाचा आठ शायिकांचा एक भाग यासाठी नेमून द्यावा. लहान पिल्लू बंद टोपलीत, मोठा कुत्रा मुसके बांधून, सोबत पशुवैद्याचा दाखला आणि वयात आलेल्या प्राण्याचे रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र, आणि त्या प्राण्याचे रीतसर भाडे, एवढ्या अटी असाव्यात. स्वित्झर्लंडमध्ये खांद्यापाशी तीस सेंटिमीटरपर्यंत उंचीचा कुत्रा बंद पेटीत विनामूल्य जातो आणि मोठ्याला दुसऱ्या वर्गाचे निम्मे भाडे पडते. ब्रिटनच्या रेल्वेत उतारूसोबत दोनपर्यंत पाळीव प्राणी विनाशुल्क नेता येतात.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही आदराने ऐकण्याजोगे आहेत. पहिला असा की, कुत्र्याचे भय किंवा त्याच्या केसांची बाधा असणारे प्रवासी पुष्कळ असतात, आणि रेबीजने आपल्या देशात आजही माणसे दगावतात. म्हणूनच तो भाग वेगळा असावा आणि तिकिटावर तसा उल्लेख असावा. शिवाय प्रवासासाठी प्रमाणपत्र लागेल हे कळल्यावर जी कुटुंबे आज लस टोचून घेण्यात हयगय करतात, तीही ती टोचून घेतील. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: जिथे माणसालाच उभे राहण्यास जागा मिळत नाही, तिथे कुत्र्याची वकिली कशाला? मी स्वतः रोज डोंबिवलीहून लोकलच्या दारात उभा राहून कामाला जातो, तेव्हा ही वेदना मला दुसऱ्याने सांगावी लागत नाही. परंतु आरक्षित शायिका विकत घेणाऱ्या कुटुंबाने आपल्याच जागेत एक टोपली ठेवल्याने उभ्या असलेल्या कोणाचीही जागा जात नाही. 1977 साली रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घालण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तो त्या वर्गासाठी अवाजवी लाड आहे असे समजणारेही असतीलच; आज त्या गादीवाचून शयनयानाची कल्पना कोणी करू शकत नाही. राजापूरच्या मतदारांचा तो प्रतिनिधी, ज्याने कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, तो साध्या प्रवाशाच्या पाठीचा विचार करीत होता. त्याच प्रवाशाच्या घरात आता एक जीव वाढला आहे.

प्रवासाची सोय नसल्याचा परिणाम कुठे होतो, तेही सांगतो. आमच्याच वसाहतीत गेल्या नाताळात एका कुटुंबाने चार महिन्यांचे कुत्रे बाजाराच्या मागे सोडले आणि ते सहलीला निघून गेले. पाळलेल्या जनावराला असे सोडून देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे अपराध आहे, पण पहिल्या अपराधाचा दंड दहा रुपयांपासून फार तर पन्नास रुपये. दंड वाढवावा हे खरेच. तथापि ज्या कुटुंबापाशी दुसरा मार्ग नव्हता, त्याला तो मार्ग देणे दंडाइतकेच अगत्याचे आहे.

आम्ही तिकिटे रद्द केली. रद्द करण्याचा आकार वजा जाऊन परत आलेल्या पैशांतून एके दिवशी रिक्षा ठरवली आणि अंबरनाथच्या शिवमंदिराला गेलो. शके 982 चा, म्हणजे 1060 चा शिलालेख असलेले ते काळ्या पाषाणाचे मंदिर घरापासून इतके जवळ असून मुलांनी पाहिले नव्हते. आई सावलीत टोपली मांडीवर घेऊन बसली, मुलगा बाहेरच्या भिंतींवरील आकृत्यांपाशी एक एक करून थांबत गेला, आणि खंड्याचे पाय जमिनीला न लावता आम्ही त्याला हातोहात फिरवले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाची बाटली घरून नेली होती. दिवस सुखाचा गेला, हे मी मनापासून म्हणतो.

आत्याचा फोन मात्र दर रविवारी येतो. तिने माजघराच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरून ठेवले आहे, शेजारच्या मांजराला तिथे बसू देत नाही, आणि बोलणे संपता संपता आईला विचारते, ‘वहिनी, त्याला घेऊन कधी येताय?’