आठवड्याचे एकच छायाचित्र

पूर्वी रोलमध्ये ३६ छायाचित्रे निघत. कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आज मोबाईलमध्ये हजारो चित्रे साठतात, पाहणे मात्र हरवले आहे. म्हणून गेले वर्षभर मी दर रविवारी एकच छायाचित्र टिपण्याचा नेम पाळला. दारची तुळस, उन्हातले लोणचे, कोपऱ्यावरचा पांगारा. माघात निष्पर्ण पांगारा लाल फुलांनी पेटला, मकरंदासाठी मैना जमल्या. पुढच्याच रविवारी खोडावर वृक्षतोडीची नोटीस दिसली. हरकतीस सात दिवस. वीस वर्षे त्या झाडाखालून नुसताच जाणारा मी, त्या सोमवारी शेजाऱ्यांसह हरकत नोंदवून आलो. निर्णय काहीही होवो. जे पाहिलेच नाही, त्यासाठी कोण धावणार? वाचकहो, वर्षाचे ५२ रविवार आपल्याही हाती आहेत.