सोडून दिलं म्हणजे सुटका झाली?

आमच्या कोतो वॉर्डात मार्च आला की मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सामान निघतं. कुणाची बदली पुण्याला, कुणाची सिंगापूरला. सायकल, फ्रिज, आणि हमखास एखादी माशांची टाकी. फ्रिज तासाभरात जातो, टाकी कुणी घेत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "ओनागी नदी जवळच आहे की. सोडून द्या बिचाऱ्यांना, पुण्य लागेल."

हे पुण्य नाही. ही जबाबदारी नदीवर ढकलणं आहे.

भाड्याच्या घरात कुत्रा चालत नाही म्हणून आपण मासे आणतो. मीही मलावी तळ्यातले निळे-पिवळे सिक्लिड आणले. टोकियोचं पाणी त्यांना मऊ पडतं, म्हणून पोवळ्याची वाळू घातली, हीटर 25 अंशांवर ठेवला. एक दिवस मादीचा गळा फुगलेला दिसला. अंडी-पिल्लं तोंडात धरून ती जवळजवळ 3 आठवडे उपाशी राहते. पिल्लं बाहेर आली तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते. तिसऱ्या खेपेला मात्र आम्ही मोजणं सोडलं. दुकानदारानेही नम्रपणे हात जोडले: वेगवेगळ्या जाती एकत्र होत्या, संकर झालेली पिल्लं कोण घेणार?

"थंडीत मरतीलच, नदीचं काय बिघडतं?" असं म्हणणाऱ्यांनी निदान त्याला दया म्हणू नये. आणि जे जगतात त्यांचं काय? याच कुळातला, असाच तोंडात पिल्लं वाढवणारा आफ्रिकेचा तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला. आज उजनीच्या काठी 'चिलापी' कुणाला सांगावी लागत नाही. जपानमध्ये 1960 साली ब्लूगिल भेट म्हणून आला. तो आणणाऱ्या अकिहितो यांनी पुढे सम्राट असताना, 2007 मध्ये, त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तोवर तो बिवा सरोवरात पसरला होता.

तेव्हा आणायचेच असतील तर फक्त नर आणा. पिल्लं झालीच तर प्रत्येक पिल्लू वाचवायचा अट्टहास नको. आणि विकत घेण्याआधीच ठरवा, बदली झाली तर हे कुणाकडे जाणार? त्या माणसाचं नाव सांगता येत नसेल, तर कासाईचं मत्स्यालय शेजारच्याच वॉर्डात आहे. मुलांना तिथे घेऊन जा.