राजाचे बोल आणि राजाचें कर्तव्य

चांगलें वचन कानीं पडतांच तें वहींत टिपून ठेवावें, ही संवय स्तुत्यच आहे. पूर्वीं अशीं वचनें मुलांना बहुधा क्रमिक पुस्तकांतून मिळत. आतां तीं चित्रपटांतूनहि मिळतात. 'ब्लॅक पँथर' या अमेरिकन चित्रपटांतील राजा टिचाला व त्याचे आप्त यांच्या तोंडचीं, कर्तव्य आणि नेतृत्व यांविषयींचीं कित्येक वाक्यें मुलांना मुखोद्गत असतात. तीं वाक्यें सुंदर आहेत, यांत शंका नाहीं. परंतु वचन कोणीं उच्चारलें, कोणत्या प्रसंगीं उच्चारलें, आणि उच्चारणाऱ्यानें तें स्वतः पाळलें कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्याचें खरें मोल कळत नाहीं, असें माझें मत आहे. आणि या मतास आधार त्याच कथेंत आहे.

हा राजा स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांनीं १९६६ सालीं एका अमेरिकन चित्रकथामासिकांत निर्माण केला. त्याचें राज्य वाकांडा हें आफ्रिकेंतील एक काल्पनिक राज्य. एका दुर्मिळ धातूमुळें तें विद्येंत व सामर्थ्यांत सर्वांपुढें आहे. परंतु जगापुढें तें दरिद्री देशाचें सोंग घेऊन राहतें. रायन कूगलर यांनीं दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत टिचालाची भूमिका चॅडविक बोझमन या नटानें केली. हा गुणी नट २०२० सालीं दिवंगत झाला.

कथेच्या आरंभीं टिचालाचा पिता, वृद्ध राजा टिचाका, मरण पावलेला आहे. राज्याभिषेकाच्या विधींत नव्या राजाला पूर्वजांचें दर्शन घडतें. पुत्र पित्यापुढें गुडघे टेकतो. पिता त्यास, तूं आतां राजा आहेस, ऊठ, असें सांगतो. पुत्र म्हणतो कीं, आपल्यावांचून राहण्याची माझी तयारी झालेली नाहीं. त्यावर पिता जें बोलतो त्याचा आशय असा कीं, ज्यानें आपल्या मरणासाठीं मुलांची तयारी करून ठेविली नाहीं, तो पिता म्हणून अपयशी ठरला. मग तो विचारतो, मीं कधीं तुला उणें पडूं दिलें काय? पुत्र उत्तरतो, कधींच नाहीं.

हें वचन टिपून घेण्याजोगें खरें. परंतु थोड्याच काळांत पुत्रास एक गुपित कळतें. १९९२ सालीं अमेरिकेंतील ओकलंड शहरांत टिचाकाच्या हातून त्याचाच धाकटा भाऊ मारला गेला होता. भावानें राज्याशीं द्रोह केला होता आणि राजाच्या हेरावर शस्त्र उगारलें होतें. तेव्हां त्या घावास कांहीं कारण होतें. परंतु त्या भावाचा लहान मुलगा तेथें पोरका झाला. राज्याचें गुपित फुटूं नये म्हणून राजानें त्याला तसाच टाकिलें, आणि ही गोष्ट आपल्या पुत्रासहि कधीं सांगितली नाहीं. तो मुलगा सूडाच्या आगींत वाढला, लढवय्या झाला, आणि एके दिवशीं सिंहासनावर हक्क सांगत वाकांडाच्या दाराशीं येऊन उभा राहिला. ज्या पित्यानें पुत्राची तयारी करण्याचें वचन इतक्या गोड शब्दांत सांगितलें, त्यानें सर्वांत मोठ्या प्रसंगासाठींच पुत्राला अंधारांत ठेविलें होतें! वचन खोटें नव्हतें. तें सांगणाराच त्यास पुरा पडला नाहीं.

त्या चुलतभावाकडून पराभूत होऊन टिचाला मरणोन्मुख असतां त्यास पूर्वजांचें पुन्हां दर्शन होतें. या वेळीं तो गुडघे टेकीत नाहीं. त्या मुलाला कां टाकिलें, असा जाब तो विचारतो. आणि जगाकडे पाठ फिरविण्यांत तुम्हां सर्वांचीच चूक झाली, असें पूर्वजांच्या मेळ्यापुढें स्पष्ट सांगतो. माझ्या मतें सबंध कथेंतील नेतृत्वाचें सर्वांत मोठें वाक्य हेंच होय. शत्रूला दोष देणें सोपें असतें. ज्याच्यावर आपली भक्ति आहे त्या पित्याची चूक ओळखणें, ती बोलून दाखविणें, आणि इतकें करूनहि तिची भरपाई स्वतःच्या शिरावर घेणें फार कठीण. टिचाला नुसता बोलून थांबला नाहीं. चुलता जेथें मरण पावला, त्या ओकलंडांतील इमारती विकत घेऊन तेथें त्यानें लोकांसाठीं साहाय्यकेंद्र उघडण्याचें ठरविलें, आणि राष्ट्रांच्या सभेंत आपल्या राज्याचें सोंग उतरून ठेविलें. संकटांत शहाणे पूल बांधतात व मूर्ख भिंती उभारतात, अशा आशयाचें त्याचें प्रसिद्ध वाक्य त्या सभेंतील आहे. त्यामागें ही किंमत मोजलेली आहे, म्हणूनच तें शोभतें.

दुसरा प्रसंग जबारी टोळीचा नायक म्बाकू याचा. सिंहासनाच्या द्वंद्वांत टिचालानें त्याला चीत केलें. परंतु तुझ्या लोकांना तुझी गरज आहे, असें सांगून शरण येण्याची विनवणी केली आणि त्याचे प्राण वांचविले. पुढें धबधब्यांत फेंकला गेलेला टिचाला सांपडला तो या जबारींनाच. आणि म्बाकूनें त्यास जिवंत ठेविलें. हरलेल्याचा मान राखणें हेंहि राज्यकर्त्याचें कर्तव्य, हें येथें व्याख्यानावांचून कळतें.

कोणी म्हणेल कीं, द्वंद्व जिंकील तो राजा, अशा राज्यापासून आजच्या मुलांनीं काय शिकावें? आक्षेप योग्य आहे, आणि कथेला त्याची जाणीव आहे. त्याच नियमानें सूडानें पेटलेला मनुष्य सिंहासनावर बसतो, आणि सेनापति ओकोये, मी सिंहासनाची सेवक आहे, म्हणून त्याच्या बाजूस राहते. तिची मैत्रीण नाकिया मात्र देश वांचविण्यास निघते. टिचाला जिवंत परत येतो, द्वंद्व अपुरें असल्याचें दिसतें, तरीहि नवा राजा तें मानीत नाहीं. तेव्हां ओकोयेचें शस्त्र त्याच्यावरच उगारलें जातें. आज्ञापालन आणि कर्तव्य हीं एकच नव्हेत, हा धडा राजसत्ता गेलेल्या देशांतील नागरिकांनाहि हवाच.

विद्यार्थिमित्रहो, वचनें अवश्य लिहा. परंतु प्रत्येक वचनाखालीं, तें कोणाचें आणि त्यासाठीं त्यानें काय सोसलें, हेंहि एका ओळींत लिहीत जा. ती ओळ लिहितां न आली तर वचन अजून तुमचें झालें नाहीं, असें समजा.

आणि पालकांस एक विनंती. भाऊबंदकी आपल्याकडे नवी नाहीं. काकांकडे जाणें कां बंद झालें, बांधाचा तंटा कोठून सुरू झाला, त्यांत आपलीहि कांहीं चूक होती काय, हें पुष्कळ घरांत मुलांना कोणी सांगत नाहीं. आणि वडील गेल्यावर तो तंटा मुलांच्या हातीं आयता येतो. मुलांसाठीं आपण घर, शेत, शिक्षण यांची तजवीज करितों. त्याबरोबर खरी हकीकतहि आपल्या हयातींतच त्यांच्या हवालीं करावी. मुलांची तयारी तीच.